पादपाचे पाय

(वर्धापनोत्सवानिमित्त अवधपुरी, भोपाळ येथील व्याख्यानाचा पाठ)



संस्कृत भाषेने वृक्षाला अनेक नावे दिली आहेत. तो महीवर उगवतो म्हणून महीरुह, त्याला शाखा असतात म्हणून शाखी, आणि तो पायांनी पितो म्हणून पादप. अमरकोश मुखोद्गत करणाऱ्या पाठशाळेतील लहान विद्यार्थ्यालाही ही शेवटची व्युत्पत्ती सांगता येते. पाद म्हणजे पाय, आणि पा म्हणजे पिणे. मनुष्य मुखाने पितो, वृक्ष मुळांनी पितो. नाव सार्थ आहे, आणि अर्थ लागला की विद्यार्थी पुढच्या शब्दाकडे वळतो.

तथापि या नावापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. चीड, देवदार, कैल या हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांचे एखादे बारीक मूळ हलक्या हाताने उकरून भिंगाखाली धरले, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. मुळाच्या टोकांना जमिनीचा स्पर्श जवळजवळ होतच नाही. त्या टोकांवर कवकाचे, म्हणजे आपण ज्याला बुरशी किंवा अळंबीचे कुळ म्हणतो त्याचे, एक मऊ वेष्टन चढलेले असते. पाणी आणि अन्नद्रव्ये मातीतून उचलतात ते त्या वेष्टनातून बाहेर पसरलेले तंतू. वृक्ष पायांनी पितो हे खरे, पण ते पाय सर्वस्वी त्याचे नव्हेत.

या गोष्टीचा भाविकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा. बदरी-केदाराची यात्रा करून परतणारा भाविक गंगोदकाबरोबर पुष्कळदा एखादे चीडाचे वा देवदाराचे रोप पिशवीत घालून आणतो. ज्या वृक्षाच्या छायेत त्याने विसावा घेतला, तो वृक्ष आपल्या अंगणात असावा, मठाच्या आवारात असावा, ही त्याची निर्मळ इच्छा असते. घरी आल्यावर रोपाची मुळे स्वच्छ धुतली जातात, काळ्या मातीत खड्डा करून, शेणखत आणि वरखत भरून, मुहूर्त पाहून ते लावले जाते. रोज पाणी घातले जाते. पहिल्या पावसाळ्यात ते हिरवे राहते. हिवाळ्यात त्याच्या सुया पिवळ्या पडू लागतात. आणि दुसरा उन्हाळा त्याला बहुधा दिसत नाही. मग घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात खंत उरते. आपल्या सेवेत काही न्यून राहिले, आपला हात चांगला नाही, कदाचित हा अपशकुन असावा, असे विचार येतात. ही खंत निराधार आहे. सेवेत न्यून नव्हते, ज्ञानात होते. आणि ज्ञानातील न्यून भरून काढता येते.

कालिदासाच्या रघुवंशातील दुसऱ्या सर्गाची येथे आठवण होते. दिलीप राजा नंदिनी धेनूच्या मागे हिमालयाच्या गुहेत शिरतो, तेव्हा तिच्यावर झेप घेतलेला सिंह त्याला समोरचा एक देवदार दाखवितो. हा वृक्ष शंकरांनी पुत्र मानलेला आहे आणि पार्वतीने त्याला घटाने पाणी घालून वाढविले आहे, असे तो सांगतो. सर्व कथा वाचून असे वाटते की देवदार वाढविण्यास घटभर पाणी आणि मातेचे वात्सल्य पुरे. पण तो देवदार हिमालयातच उभा होता. पार्वतीने पाणी घातले, बाकीचे सर्व त्या भूमीत पूर्वीपासून होते. अवधपुरीच्या अंगणात पाणी आणि वात्सल्य दोन्ही आहेत. भूमीत जे होते ते मात्र मुळे धुताना वाहून गेले.

ते काय होते, याचा शोध युरोपात मोठ्या आडवळणाने लागला. जर्मनीतील वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग याने १८४० मध्ये चीडवर्गीय वृक्षाच्या मुळांचे छेद घेऊन, मुळाच्या पेशींच्या मधून गेलेले एक नाजूक जाळे रेखाटले. त्याने ते अचूक पाहिले, पण ते मुळाचाच भाग आहे असे समजून तो पुढे गेला. वस्तू डोळ्यांपुढे असूनही तिचे ज्ञान होत नाही, याचे हे एक बोलके उदाहरण होय. त्या जाळ्याला आज त्याच्याच नावाने हार्टिग जाळे म्हणतात.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८८५ मध्ये, बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातील आल्बर्ट बर्नहार्ट फ्रँक याच्यापुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न आला. ट्रफल नावाची एक महागडी भूमिगत अळंबी युरोपातील श्रीमंतांच्या ताटात असते. ती प्रशियात पिकविता येईल काय, हे पाहण्याचे काम शासनाने त्याच्यावर सोपविले. ट्रफलची शेती त्याच्या हातून सिद्ध झाली नाही. परंतु अरण्यातील वृक्षांची मुळे तपासताना त्याला आढळले की निरोगी, जोमदार वृक्षांच्या मुळांवर कवकाचे वेष्टन नियमाने असते. रोग असता तर तो रोगट वृक्षांवर दिसला असता. त्याने या जोडीला ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या दोन शब्दांवरून मायकोरायझा असे नाव दिले. मराठीत त्याला कवकमूल म्हणता येईल. कवक येथे चोर नसून दाई आहे, असा त्याचा सिद्धांत होता.

विद्वानांनी तो सहजासहजी मानला नाही. कवक म्हणजे कुजविणारे, कवक म्हणजे रोग, ही समजूत दृढ होती; विरोध करणाऱ्यांत थिओडोर हार्टिगचा मुलगा रोबर्ट हार्टिग हाही होता. मग फ्रँकने प्रयोगाचा आश्रय घेतला. चीडाची रोपे त्याने दोन प्रकारच्या मातीत वाढविली. एक माती उष्णतेने निर्जंतुक केलेली, दुसरी अरण्यातील जशीच्या तशी. निर्जंतुक मातीतील रोपे खुरटली. अरण्याच्या मातीतील रोपे वाढली. पुढे स्वीडनमधील उप्साला येथे एलियास मेलिन याने १९२० च्या दशकात काचेच्या पात्रात चीडाचे रोप आणि शुद्ध कवक एकत्र आणून ही जोडी प्रत्यक्ष घडवून दाखविली. १९५० मध्ये मेलिन आणि त्याचा सहकारी निल्सन यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून तो कवकाच्या तंतूंतून चीडाच्या रोपात जातो हे सिद्ध केले, आणि १९५७ मध्ये उलट दिशेने, पानांत तयार झालेली शर्करा मुळावाटे कवकाला पोचते हेही दाखविले. घेणे आणि देणे, दोन्ही बाजू मोजमापाने सिद्ध झाल्या.

या देवघेवीचे स्वरूप पाहू. वृक्ष सूर्यप्रकाशात आपल्या पानांत साखर तयार करतो. कवकाला हरितद्रव्य नाही. त्याला ती करता येत नाही. उलट, मातीतील फॉस्फरस हा असा पदार्थ आहे की तो पाण्याबरोबर सहज वाहत येत नाही. मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतो. मुळाच्या भोवतालचा तेवढा साठा संपला की मूळ जागच्या जागी उपाशी राहते. कवकाचा तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे दशांशाइतका किंवा त्याहूनही बारीक असतो. मुळाला ज्या फटीत शिरता येत नाही तेथे तो शिरतो, दूरवर पसरतो, फॉस्फरस, नत्र आणि पाणी गोळा करतो आणि हार्टिग जाळ्यापाशी आणून देतो. तेथे पेशींच्या भिंतीशी भिंत लावून दोघांचा व्यवहार चालतो. कवक मुळाच्या पेशीच्या आत शिरत नाही. दारातच उभे राहते. त्याबद्दल वृक्ष आपल्या साखरेचा सुमारे दशांशापासून पंचमांशापर्यंत वाटा त्याला देतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गृहस्थाने आपल्या मिळकतीचा पाचवा हिस्सा एका सोबत्यासाठी वेगळा काढावा, तसेच हे झाले.

शास्त्राभ्यासी श्रोत्यांना येथे सांख्यांचा पंग्वंध न्याय आठवेल. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती आणि पुरुष यांच्या संयोगाला पांगळ्या आणि आंधळ्याची उपमा दिली आहे. पांगळ्याला दिसते पण चालता येत नाही. आंधळ्याला चालता येते पण दिसत नाही. दोघे मिळून अरण्य ओलांडतात. वृक्ष प्रकाश पाहतो, पण एका जागी खिळलेला आहे. कवक अंधारात आहे, पण चालते. दोघे मिळून डोंगर हिरवा करतात. न्यायशास्त्रात मात्र अन्योन्याश्रय हा दोष गणला जातो. जेथे पहिले दुसऱ्यावर आणि दुसरे पहिल्यावर अवलंबून, तेथे काहीच सिद्ध होत नाही, असे नैयायिक म्हणतात. तर्कात हे यथार्थ आहे. अरण्यात मात्र अन्योन्याश्रयावाचून चीडाचे रोप सिद्ध होत नाही, एवढा भेद ध्यानी ठेवावा.

आता लागवडीकडे येऊ. हिमालयात चीडाचे बी गळून रुजते तेव्हा कवक तेथे वाट पाहतच असते. अडचण येते ती माणसाने चीड परक्या भूमीत नेला तेव्हा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात चीडाच्या जाती मूळच्या नव्हेत. त्या लाकडासाठी बाहेरून आणल्या. काही नव्या रोपवाटिकांत रोपे पिवळी पडून खुंटत. तेथील वनाधिकारी केसेल यांनी १९२७ मध्ये याचे कारण प्रसिद्ध केले. जुन्या, निरोगी रोपवाटिकेतील थोडी माती नव्या वाफ्यात मिसळली की रोपे सुधारत. कमी होते ते खत नव्हे. काहीतरी जिवंत कमी होते. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर १९३० च्या दशकापासून चीड लावण्याचे प्रयत्न फसत गेले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील चीडाच्या वनातून माती नेऊन ती रोपांना दिली, तेव्हा तीच भूमी, तेच बी, तेच पाऊसपाणी असून रोपे वाढीला लागली.

भारतात डेहराडूनच्या वन अनुसंधान संस्थेतील कवकशास्त्रज्ञ बी. के. बक्षी यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आणि वनविद्येतील कवकमूलाचे स्थान सांगणारा त्यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. नीलगिरीत मेक्सिकोतून आलेला पॅटुला जातीचा चीड मोठ्या प्रमाणावर लावलेला आहे. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी पुढे त्याच्या मुळांवरील कवकांची ओळख पटविली. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, युरोपच्या परीकथांतील चित्रांत दिसणारी विषारी अळंबीही त्या नीलगिरीच्या चीडवनात उगवते. ती मूळची दक्षिण भारतातील नव्हे. वृक्षांच्या मागोमाग ती आली. वृक्ष परदेशी गेला तेव्हा सोबतीही त्याच्याबरोबर गेला, म्हणून तो तेथे टिकला.

आपल्या मध्यप्रदेशात अमरकंटकच्या पठारावर नर्मदेच्या उगमाजवळ लावलेली चीडाची बने यात्रेकरूंनी पाहिली असतील. तेथील हवा थंड आहे. भोपाळ मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापणारे नगर आहे, आणि अवधपुरीच्या परिसरातील काळी माती चुनखडीयुक्त, पावसात चिकट आणि उन्हात भेगाळणारी असते. चीडाला आम्लाकडे झुकणारी, निचऱ्याची जमीन लागते. तेव्हा येथे चीड न जगण्यास एकटे कवक कारण नव्हे. ऊन आणि माती हीही कारणे आहेत. परंतु संकटाच्या वेळी ज्याने पाणी आणून द्यावे, तो सोबतीच जवळ नसेल तर रोप ऊन कशाच्या बळावर सोसणार?

येथे एक शंका स्वाभाविक आहे. अवधपुरीत आणि भेलच्या वसाहतीत कितीतरी अंगणांत मोरपंखी उत्तम वाढते, बंगल्यांपुढे ज्याला लोक ख्रिसमस ट्री म्हणतात तो अरौकेरिया ताठ उभा असतो. तेही सूचिपर्णी वर्गातीलच. मग ते कसे जगले? याचे उत्तर असे की त्यांचा सोबती निराळा आहे. कवकमुलाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. चीड, देवदार यांचे कवक मुळाला बाहेरून वेढते. मोरपंखी, अरौकेरिया, सरू यांचे कवक मुळाच्या पेशीत शिरून तेथे लहान झाडासारख्या फांद्या फोडते. बाहेर वेष्टन दिसत नाही. हा दुसरा प्रकार अतिप्राचीन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पाषाणात, भूमीवर आलेल्या आरंभीच्या वनस्पतींच्या आत त्याच्या खुणा जपल्या गेल्या आहेत. तुळस, गहू, सोयाबीन, आंबा, कडुनिंब, पिंपळ, सागवान या सर्वांशी त्याच घराण्यातील कवकांची सोयरीक आहे. म्हणून ते माळव्याच्या मातीत सर्वत्र असते. मोरपंखी दूरदेशाची पाहुणी खरी, पण येथे तिला ओळखीचे घर सापडते. चीडाला तसे घर या मातीत नाही.

चीडाच्या जातीचा सोबती राखणारा एक थोर वृक्ष मात्र मध्यप्रदेशाचा स्वतःचा आहे. तो म्हणजे साल. साल सूचिपर्णी नाही, पण त्याच्या मुळांवर चीडासारखेच बाहेरचे वेष्टन असते. मंडला, दिंडोरी, बालाघाट, अनुपपूर या पूर्वेकडील जिल्ह्यांत सालाची अरण्ये आहेत. पश्चिमेकडे सागवानाचे राज्य सुरू होते, आणि नर्मदापुरम जिल्ह्यात पचमढीच्या पठारावर सालाचा एक तुटलेला पुंजका उरला आहे. पहिल्या पावसानंतर सालवनातील आदिवासी स्त्रिया पानांखालची माती उकरून लहान गोल अळंबी वेचतात आणि बाजारात मोठ्या भावाने विकतात. तिला तिकडे पुटू म्हणतात. ती पुटू म्हणजे सालाच्या मुळांवरील कवकाचेच फळ होय. साल तोडला की पुटू नाहीशी होते. सालाचे बी गळल्यावर जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. ते पावसाच्या तोंडावर पडते आणि त्याच वेळी जमिनीत कवकही जागे होत असते. तुटलेल्या सालवनाच्या जागी लागवडीने पुन्हा सालवन उभे करणे वनाधिकाऱ्यांना फार कठीण जाते. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु भूमीखालचा हा संसार एकदा मोडला की तो फावड्याने पुन्हा मांडता येत नाही, हे त्यांतील एक मानावे लागते.

धर्मशास्त्रात कवके अभक्ष्य पदार्थांत गणली आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीत त्यांचे नाव येते, आणि आचार पाळणाऱ्या घरांत आजही अळंबी शिजत नाही. तो आहाराचा नियम आहे. ज्याने तो पाळायचा त्याने पाळावा. पण ताटात नको म्हणून भूमीतही नको, असा त्याचा अर्थ होत नाही. पावसाळ्यात वृक्षाखाली उगवलेली भूछत्रे मुले पायाने उडवितात, आणि आवार स्वच्छ दिसावे म्हणून माळी ती उपटून टाकतो. ती घाण नव्हे. कित्येकदा ती त्या वृक्षाच्या सोबत्याने वर्षातून एकदा भूमीवर काढलेले डोके असते. ती खाऊ नयेत, कारण त्यांत विषारीही असतात. पण ती तुडवूही नयेत.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. अलीकडे या विषयावर पुष्कळ मोहक गोष्टी बोलल्या जातात. १९९७ मध्ये कॅनडातील सुझॅन सिमर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरण्यातील दोन निराळ्या जातींच्या वृक्षांत कर्ब एकाकडून दुसऱ्याकडे जातो असे दाखविले. त्यावरून वृक्ष भूमीखालून परस्परांशी बोलतात, आई आपल्या लेकरांना ओळखून अन्न पोचविते, अशी वर्णने सर्वत्र पसरली. २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तिघा संशोधकांनी सर्व पुरावा तपासून सांगितले की प्रत्यक्ष अरण्यात या वर्णनांना पुरेसा आधार नाही. धर्मसभेत बोलताना अशा कथांचा मोह अधिक होतो, कारण त्यांतून उपदेश सहज निघतो. परंतु असत्याच्या पायावरील उपदेश टिकत नाही. कवक दानशूर नाही आणि वृक्ष संत नाही. जमिनीत फॉस्फरस भरपूर टाकला तर वृक्ष कवकाला साखर देणे कमी करतो. सोयरीक सैल होते. गरज आहे तोवर व्यवहार आहे. तो तसा आहे हे जाणूनही त्याचे महत्त्व यत्किंचितही उणे होत नाही.

दुसरी सावधगिरी अशी की सोबती मिळाला की परका वृक्ष कधी कधी आवरत नाही. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आलेले चीड आणि त्यांच्याबरोबर आलेली कवके मिळून माळरानांवर पसरत चालली आहेत, आणि ती उपटण्यासाठी तेथील शासनाला मोठा खर्च करावा लागतो. मातीबरोबर रोगही येतात. म्हणूनच २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशाने परदेशातून माती आणण्यास भारतात बंदी आहे, आणि संरक्षित अरण्यातून परवानगीवाचून रोप किंवा माती उचलणे हाही अपराध आहे. यात्रेच्या वाटेवरील रोप उपटून आणणे भक्तीच्या नावाखालीही योग्य नव्हे.

मग भाविकाने काय करावे? वर्धापनासारख्या मंगल प्रसंगी वृक्षारोपण तर व्हावयास हवे. प्रथम, या भूमीला ओळखीचे वृक्ष निवडावेत. वड, पिंपळ, बेल, कडुनिंब, मोह, अर्जुन यांचे सोबती येथील मातीत आहेत. दुसरे, रोप पिशवीतून काढताना त्याच्या मुळांभोवतीची माती झाडू किंवा धुऊ नये. ती त्याची शिदोरी आहे. तिसरे, खड्डा भरताना त्याच जातीच्या एखाद्या जुन्या, निरोगी वृक्षाखालची वरची माती दहा भागांत एक भाग या प्रमाणात मिसळावी. मठाच्या जुन्या पिंपळाखालची ओंजळभर माती नव्या पिंपळाच्या खड्ड्यात घालणे, हा विधी दिसायला साधा आहे, पण त्यात शास्त्र आहे. चौथे, सुपरफॉस्फेटसारखे वरखत उदारपणे ओतू नये. पाचवे, पालापाचोळा जाळू नये; तो वृक्षाखालीच कुजू द्यावा. सहावे, पारावर फरशी किंवा सिमेंट घालताना बुंध्याभोवती मोकळी माती ठेवावी. सातवे, रोप पहिल्या चांगल्या पावसाबरोबर लावावे, कारण त्या वेळी भूमीखालचे तंतूही चालू लागतात. यांपैकी एकाही गोष्टीला फारसा खर्च नाही. जबलपूर येथे १९८८ पासून कार्यरत असलेली उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्था मध्य भारतातील वृक्षांचाच अभ्यास करते. मोठी लागवड करावयाची झाल्यास अशा संस्थेचा सल्ला घ्यावा.

आणि ज्याच्या मनात देवदार आहे, त्याने तो हिमालयातच राहू द्यावा. पुढच्या यात्रेत त्याच्या छायेत बसावे, पायाखालच्या सुयांच्या थरावर तळहात ठेवावा आणि त्याच्या खाली काय चालले आहे याचे स्मरण करावे. तेवढेही दर्शन पुष्कळ आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा जुन्या राजधानीतून, नागपुरातून, कार्यालयांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. त्याच वर्षी येथे स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे, म्हणजे आजच्या भेलमुळे, पुढे आणखी आली. परक्या मातीत नवी घरे वसली. त्यांतील वृद्ध सांगतात की पहिली काही वर्षे जड गेली. पण येताना त्यांनी देवघर आणले, एकादशीचे भजन आणले, गणेशोत्सव आणला, पंक्तीची रीत आणली. मुळे धुऊन कोणी आले नाही. त्याच ओंजळभर मातीच्या आधाराने येथील भूमीशी त्यांची सोयरीक जुळली, आणि आज त्यांची नातवंडे मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलतात. ही उपमा आहे, प्रमाण नव्हे. तिचा उपयोग तेवढ्यापुरताच करावा. परंतु ज्यांनी स्वतः स्थलांतर केले आहे, त्यांना रोप लावताना त्याच्या मुळांभोवतीची माती का राखावी, हे अधिक समजावून सांगण्याची गरज पडू नये.

येत्या पावसाळ्यात मठाच्या आवारात जे रोप लागेल, ते या समजुतीने लागो. पादप हे नाव घेताना त्याच्या अदृश्य पायांचे स्मरण होवो. इति शुभम्.